वाळू तापतेय, मग कासवांचं काय? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मागच्या अंकात समुद्री कासवांवर एक छोटं टिपण दिलं होतं. त्यात एवढंच होतं की वाळूचं टेंपरेचर वाढलं की पिल्लांमध्ये माद्या वाढतात, आणि समुद्र वर आला की घरटी बुडतात. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. काही जणांनी चिडून लिहिलंय, ते तसंच ठेवलंय, कारण त्यातले प्रश्न खरंच चांगले आहेत.

प्रश्न: वाळू गरम तर मादी, गार तर नर, हे खरंच इतकं सरळ असतं का? माणसात असं होत नाही, मग कासवात कसं काय?

उत्तर: हो, खरंच असतं. आपल्यात मुलगा की मुलगी ते गर्भ राहतो त्याच क्षणी क्रोमोझोमवरून ठरतं. समुद्री कासवांमध्ये लिंग ठरवणारे तसले क्रोमोझोमच नाहीत, म्हणजे अंडं वाळूत पडतं तेव्हा आतला जीव नर पण नसतो आणि मादी पण नसतो. घरट्यात अंडी साधारण ४५ ते ६० दिवस राहतात, त्यातला मधला एक तृतीयांश काळ महत्त्वाचा, त्या दिवसांत अंड्यांभोवती किती गरम होतं त्यावर सगळं ठरतं. उष्णता जास्त असली की अरोमाटेज नावाचं एन्झाइम जोरात काम करतं, ते नर हार्मोनचं इस्ट्रोजेन करून टाकतं, आणि इस्ट्रोजेन वाढलं की अंडाशय तयार व्हायला लागतो.

आकडे असे आहेत की साधारण २९ अंश सेल्सियसच्या आसपास निम्मे नर निम्म्या माद्या होतात, २७.७ च्या खाली राहिलं तर नरच आणि ३१ च्या वर गेलं तर माद्याच. जातीप्रमाणे आणि किनाऱ्याप्रमाणे हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात. पण हा पट्टा केवढा अरुंद आहे ते बघा, तीन-साडेतीन अंशांच्या आत सगळा खेळ. म्हणून एखाद्या अंशाची वाढ आपल्याला किरकोळ वाटते, पण एवढ्यानंच एखादा किनारा नर-मादी दोन्ही देणारा असतो तो फक्त माद्या देणारा होऊन बसतो.

आणि एकाच किनाऱ्यावर सगळीकडे वाळू सारखीच तापते असंही नाही. घरटं किती खोल, वर झाडाची सावली पडते का, पाण्यापासून किती लांब, वाळूचा रंग कुठला, सगळ्यानं फरक पडतो. अटलांटिक महासागरात असेन्शन नावाचं ज्वालामुखीतून तयार झालेलं बेट आहे, तिथं काही किनारे फिक्या वाळूचे आहेत आणि काही काळपट वाळूचे, आणि ग्रीन टर्टल जातीची कासवं दोन्हीकडे अंडी घालतात. काळी वाळू ऊन जास्त शोषते त्यामुळे एकाच बेटावर एक किनारा गरम नि दुसरा त्यामानानं गार, आणि पिल्लांचं नर-मादी प्रमाणही त्याप्रमाणे वेगळं. शिवाय एका घरट्यात शंभरेक अंडी एकावर एक असतात, आतले जीव वाढायला लागले की त्यांची स्वतःची ऊब तयार होते, त्यामुळे शेवटच्या दिवसांत घरट्याच्या आत शेजारच्या वाळूपेक्षा जास्त गरम असतं. तोपर्यंत लिंग ठरून गेलेलं असतं, पण वाळू आधीच तापलेली असेल तर हीच ऊब जीवावर बेतते.

प्रश्न: लाखो कासवं एकाच किनाऱ्यावर आल्याचे व्हिडीओ दरवर्षी फिरतात. ग्रीन टर्टलला तर धोक्याच्या यादीतून बाहेर काढलं असंही वाचलं. मग तुम्ही लोक उगाच कशाला घाबरवता?

उत्तर: दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींचा आनंद वाटलाच पाहिजे. ऑलिव्ह रिडले कासवं ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या इथं, मेक्सिकोत ला एस्कोबिया इथं, कोस्टा रिकात ओस्तिओनालला अशी मोजक्या किनाऱ्यांवर एकगठ्ठा येतात, थोड्या दिवसांत हजारो-लाखो माद्या. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये धोक्यातल्या प्रजातींची यादी करणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेनं ग्रीन टर्टलला धोक्यातल्या गटातून काढून सगळ्यात कमी चिंतेच्या गटात टाकलं, १९७० च्या दशकापासून जगभरात त्यांची संख्या साधारण २८ टक्क्यांनी वाढली असा अंदाज आहे. ही वाढ आपोआप झालेली नाही. अंडी गोळा करणं थांबवलं, शिकार थांबवली, जाळ्यात अडकलेली कासवं सुटावीत म्हणून ट्रॉलच्या जाळ्यांना बाहेर पडायची वाट ठेवली, किनाऱ्यावर रात्र रात्र पहारे दिले, तेव्हा कुठे हे झालंय.

पण आज किनाऱ्यावर चढून अंडी घालणारी मादी स्वतः कधी जन्मली ते विचारा. ग्रीन टर्टल आणि लॉगरहेड या जातींना वयात यायला वीस-तीस वर्षं, कधीकधी त्याहून जास्त लागतात. रिडले कासवं त्यामानानं लवकर मोठी होतात पण त्यांनाही दहा वर्षांच्या वर लागतात. म्हणजे घरट्यांचा आजचा आकडा सांगतो तो वीस-तीस वर्षांपूर्वीच्या वाळूबद्दल. तेव्हा अंडी वाचवली त्याचं फळ आज दिसतंय. आज वाळूत काय होतंय ते २०५० च्या आसपास दिसणार, आणि ते आत्ता बघायचं असेल तर घरटी मोजून अजिबात चालणार नाही.

याच्या पुढची गोष्ट जास्त अवघड आहे. समजा एखादा किनारा हळूहळू तापतोय आणि तिथून माद्या जास्त निघतायत. अंडी घालायला किनाऱ्यावर मादीच येते. मग पुढची बरीच वर्षं तिथं घरटी वाढत जाणार, आकडा बघून सगळे खूश होणार, आणि त्याच वेळी नर मात्र कमी कमी होत जाणार जे कुणाला दिसत नाहीत कारण नर जन्मल्यावर समुद्रात गेला की बहुतेक परत किनाऱ्यावर येतच नाही. म्हणजे आकडा वाढतोय म्हणून सगळं बरं चाललंय असं म्हणताच येत नाही, तो वाढतोय त्याचं एक कारण हेच असू शकतं.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफचं उदाहरण बघा. उत्तर टोकाला रेन आयलंड नावाचं छोटंसं बेट आहे, ग्रीन टर्टलची जगातली सगळ्यात मोठी अंडी घालायची जागा. २०१८ मध्ये एक अभ्यास छापून आला. त्यात संशोधकांनी समुद्रात चरणारी कासवं पकडली, रक्तातल्या हार्मोनवरून नर की मादी ते ठरवलं आणि डीएनएवरून कुठल्या किनाऱ्यावर जन्मली ते काढलं. उत्तरेच्या गरम किनाऱ्यांवर जन्मलेल्यांपैकी पूर्ण वाढलेल्या कासवांत माद्या ८६.८ टक्के, अर्धवट वाढलेल्यांत ९९.८ आणि लहान कासवांत ९९.१ टक्के निघाल्या. दक्षिणेच्या गार किनाऱ्यांवरच्या कासवांत माद्या ६५ ते ६९ टक्के. वयाच्या उतरत्या क्रमानं बघितलं की कळतं, मोठी कासवं जुन्या वाळूतली म्हणून त्यांच्यात अजून थोडे नर आहेत, नंतरच्या पिढ्यांमध्ये जवळजवळ नाहीतच. तिथली वाळू वीसेक वर्षांहून जास्त काळ मुख्यतः माद्याच देतेय असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. आणि हे सगळं होत असताना त्या बेटावर हजारो माद्या अंडी घालायला येतच होत्या.

अजून एक, एका वर्षाच्या आकड्यावरून चांगलं किंवा वाईट काहीच ठरवू नका. बहुतेक जातींत मादी दरवर्षी अंडी घालत नाही, पोटात पुरेशी चरबी साठली की मगच ती निघते आणि ते चाऱ्यावर अवलंबून असतं. ऑस्ट्रेलियातल्या ग्रीन टर्टलबद्दल १९८८ मध्येच दाखवलं होतं की पॅसिफिकमधल्या एल निन्योच्या, म्हणजे काही वर्षांनी समुद्र तापण्याच्या, चक्राचा परिणाम दोनेक वर्षांनी किनाऱ्यावरच्या संख्येवर दिसतो. ओडिशाच्या किनाऱ्यांवरसुद्धा एखाद्या वर्षी प्रचंड गर्दी, एखाद्या वर्षी एकगठ्ठा येणं जवळजवळ होतच नाही.

प्रश्न: पण एक नर बऱ्याच माद्यांना पुरतो ना? मग माद्या जास्त झाल्या तर अंडी पण जास्तच, यात बिघडलं काय?

उत्तर: काही मर्यादेपर्यंत तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि निराश होऊन सगळं संपलं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. बहुतेक जातींत मादी साधारण दोन ते चार वर्षांनी एकदा अंडी घालायला येते, नर मात्र त्याहून लवकर, बरेचसे तर दरवर्षी मीलनाच्या जागी जातात. त्यामुळे एकूण संख्येत नर कमी असले तरी मीलनाच्या जागी प्रमाण इतकं वाईट नसतं. शिवाय मादी एकापेक्षा जास्त नरांशी जुळते आणि शुक्राणू साठवून ठेवून त्याच सीझनमधल्या तिच्या पुढच्या सगळ्या घरट्यांसाठी वापरू शकते.

पण शंभरात एक नर म्हणजे ही मर्यादा कुठेतरी संपणारच. नर फार कमी झाले की काही माद्यांना नर भेटणारच नाही, अंडी फलित होणार नाहीत, आणि जी होतील ती मोजक्याच बापांची, म्हणजे पुढच्या पिढीत विविधता कमी.

मला स्वतःला मात्र वाटतं की नर-मादीची गोष्ट चटकदार आहे म्हणून सगळीकडे तीच छापून येते आणि त्याहून साधी, जास्त भयंकर गोष्ट मागे राहते. वाळू तापत गेली की ती फक्त माद्या देऊन थांबत नाही. घरटं ३३-३५ अंशांच्या पट्ट्यात जास्त दिवस राहिलं की आतले जीव मरायला लागतात. नर कमी झाल्याचा फटका बसायला काही दशकं लागतील, अंड्यात मेलेलं पिल्लू त्याच सीझनला गेलेलं असतं. कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर लेदरबॅक कासवांच्या घरट्यांवर बरीच वर्षं काम झालंय, तिथं एल निन्योच्या गरम कोरड्या वर्षांत अंड्यांतून बाहेर पडणाऱ्या पिल्लांचं प्रमाण खूपच खाली येतं. आणि त्या भागातली लेदरबॅक आधीच इतकी थोडी उरलीत की अशी वाईट वर्षं लागोपाठ आली तर त्यांना सावरायला जागाच नाही.

प्रश्न: उष्ण वाळूतून निघालेलं पिल्लू वेगळं दिसतं का? माझी मुलगी विचारतेय, तिला नर पिल्लू ओळखायचंय.

उत्तर: मुलीला सांगा की बाहेरून बघून कुणालाच ओळखता येत नाही, शास्त्रज्ञांना पण नाही. मोठा झाल्यावर नराची शेपूट लांब आणि जाड होते, तेव्हा लगेच कळतं, पण तोवर कितीतरी वर्षं जातात. पिल्लांचं लिंग कळायला आधी मेलेल्या पिल्लांचे अवयव मायक्रोस्कोपखाली बघावे लागायचे, हल्ली रक्ताच्या थेंबावरून ओळखायच्या पद्धती आल्यात.

दुसरा फरक मात्र खरा आहे. फार गरम घरट्यातली पिल्लं लवकर बाहेर येतात आणि बरेचदा आकारानं लहान असतात, त्यांचं सरपटणं आणि पोहणं दोन्ही मंद असतं. वाळूतून पाण्यापर्यंत आणि पुढे उथळ पाण्यातून खोल समुद्रापर्यंत, हाच पिल्लाच्या आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा प्रवास. खेकडे, पक्षी, मासे सगळे टपलेले असतात, तिथं मंद असणं म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणजे अमुक इतकी पिल्लं समुद्रात गेली असं आपण मोजतो तेव्हा ती सगळी सारख्या ताकदीची होती असं धरून चालू नये.

प्रश्न: समुद्र वर येतोय तर कासवं थोडी वर सरकून अंडी घालतील, त्यात एवढं काय?

उत्तर: वर जागा असेल तर घालतील की! रिकामा किनारा असेल तर समुद्र वाढला की वाळू, झाडी, सगळंच हळूहळू मागे सरकतं आणि कासवं त्याच्याबरोबर सरकतात. साधारण २० हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होती, म्हणजे तेव्हाचे किनारे आज पाण्याखाली आहेत आणि कासवं तरीही इथवर आली. पण तेव्हा वाळूच्या मागे रस्ता नव्हता, हॉटेलची भिंत नव्हती, दगडी बंधारा नव्हता. आता समोरून समुद्र येतोय आणि मागे भिंत आहे, मधली वाळूची पट्टी दर वर्षी अरुंद होतेय. धूप थांबवायला बंधारा घातला की मागची इमारत काही वर्षं वाचते, पण लाट भिंतीवर आपटून परत जाताना पुढची वाळू घेऊन जाते आणि किनारा उलट लवकर संपतो. मादी रात्री वर येते, भिंतीला धडकते, आणि एकतर तशीच परत जाते नाहीतर भिंतीच्या पायथ्याशी, भरती पोचते तिथंच अंडी घालून जाते.

अंडं वाळूत असतं तेव्हा ते श्वास घेत असतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. वाळूच्या कणांमधल्या हवेतून कवचाच्या आत ऑक्सिजन जातो. पाणी भरलं की ही हवा बंद. एखाद्या उधाणात थोडा वेळ भिजलं तर घरटं वाचूही शकतं, पण पुन्हा पुन्हा किंवा फार वेळ बुडलं की आतला जीव गुदमरून मरतो. रेन आयलंडवर नेमकं हेच होत होतं, वर उष्णता आणि खालून भरतीचं पाणी, त्यामुळे हजारो माद्या येऊनसुद्धा पिल्लं फारच कमी निघायची. तिथं २०१४ पासून यंत्रं लावून किनाऱ्यावरची वाळू उंच करायचं काम झालं आणि उंच केलेल्या भागातली घरटी त्यामुळे पाण्याच्या वर राहिली. हे करता आलं कारण बेट एक, जागा एक, पैसा आणि इच्छा दोन्ही होतं. जगातल्या प्रत्येक किनाऱ्यावर असं करणं शक्य नाही.

१९०१ ते २०१८ या काळात जगभरात समुद्राची सरासरी पातळी साधारण २० सेंटीमीटरनं वाढली आणि वेगही वाढतोय. ऐकायला २० सेंटीमीटर कमी वाटतं, पण सपाट किनाऱ्यावर एवढ्या उंचीनं पाणी कितीतरी आत येतं, आणि वादळात ते आणखी आत जातं. हवाईमध्ये फ्रेंच फ्रिगेट शोल्स म्हणून सखल बेटांचा समूह आहे, हवाईच्या ग्रीन टर्टलची ९० टक्क्यांहून जास्त घरटी तिथंच असायची आणि त्यातली साधारण निम्मी एकट्या ईस्ट आयलंडवर. ऑक्टोबर २०१८ मध्ये वालाका नावाचं चक्रीवादळ आलं आणि ते बेट जवळजवळ पुसूनच गेलं. सीझन बहुतेक संपला होता म्हणून माद्या वाचल्या, पण पुढच्या वेळी त्या परत आल्या तेव्हा जन्माची जागाच उरलेली नव्हती. नंतर वाळू थोडी परत साठली खरी, पण इतकं सगळं एका वाळूच्या पट्टीवर अवलंबून होतं हे त्या वादळानं दाखवून दिलं.

प्रश्न: कासवं दहा कोटी वर्षं पृथ्वीवर आहेत, किती हवामान बदल बघितले असतील त्यांनी! ती स्वतःच वेळ आणि जागा बदलतील, आपण मध्ये पडायचं कारण काय?

उत्तर: बदलतायत, आणि ही खरंच आशेची गोष्ट आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर लॉगरहेडच्या घरट्यांच्या १९८९ ते २००३ च्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की तेवढ्या वर्षांत सीझनचा मध्य साधारण दहा दिवस अलीकडे आला, समुद्र लवकर तापायला लागला तशी कासवंही लवकर यायला लागली. भूमध्य समुद्रात लॉगरहेड पूर्वी मुख्यतः ग्रीस, तुर्कस्तान, सायप्रस या पूर्वेकडच्या भागात अंडी घालायची, गेल्या दहा-बारा वर्षांत स्पेन, फ्रान्स, इटलीच्या पश्चिम किनाऱ्यांवर पण घरटी सापडायला लागलीत आणि वाढतायत.

पण दहा दिवस लवकर आल्यानं किती अंश वाचतात त्याचा हिशोब करा. एक मादी एका सीझनमध्ये पंधरवड्याच्या अंतरानं अनेक घरटी करते, पहिलं गारव्यात गेलं तरी शेवटची उन्हातच सापडतात. बऱ्याच ठिकाणी असं दिसतंय की लवकर येऊन थोडा फायदा होतो पण वाळू ज्या वेगानं तापतेय त्याला तो पुरत नाही. नवीन जागांचं म्हणाल तर मादी शक्यतो जिथं जन्मली त्याच भागात परत येते, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची खूण तिच्या मेंदूत बसलेली असते असं मानतात, म्हणून नवीन किनारा धरणाऱ्या माद्या थोड्याच. आणि ज्या धरतात त्यांना तिथं सापडतात ते लाइटनी उजळलेले, खुर्च्या-छत्र्यांनी भरलेले बीच.

दहा कोटी वर्षांचं म्हणणं मला नेहमी ऐकायला मिळतं. आधीचे बदल बहुतेक हजारो वर्षांत झाले, म्हणजे कासवांच्या शेकडो पिढ्यांत. ज्यांना गरम वाळू सोसते त्या जगल्या, बाकीच्या गेल्या, असं होत होत जात बदलायला वेळ मिळाला. आताचा बदल कासवांच्या चार-पाच पिढ्यांत होतोय. आणि मध्ये पडायचं म्हणाल तर आपण आधीच पडलोय, भिंती आपणच बांधल्या आणि हवा पण आपणच तापवली.

प्रश्न: पावसाचा घरट्यांशी काही संबंध असतो का?

उत्तर: असतो, बराच. पाऊस पडला की वाळू अंशा-दोन अंशांनी गार होते आणि ओलावा राहतो, त्यामुळे पावसाळी आठवड्यांतल्या घरट्यांतून नर निघायची शक्यता जास्त. कोरड्या वर्षांत उलट. अति पाऊस झाला तर मात्र वाळूत पाणी तुंबून अंडी गुदमरतात. हवामान बदलामुळे पाऊस कमी दिवसांत जास्त जोरात पडायला लागलाय, म्हणजे मधल्या कोरड्या दिवसांत भाजणं आणि मग एकदम बुडणं.

प्रश्न: मग सगळी अंडी हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या राखीव कुंपणात, नेऊन सावलीत गार ठेवली तर प्रश्न सुटेल ना?

उत्तर: सुटणार नाही, पण थोडा वेळ नक्की मिळेल, आणि तो हवाच आहे. मात्र हे काम फार जपून करायचं असतं.

या क्षेत्रात एक जुना धडा आहे. १९७० च्या दशकात बऱ्याच प्रकल्पांत अंडी गोळा करून थर्माकोलच्या पेट्यांत उबवायचे. हेतू चांगलाच होता, कुत्री आणि चोर यांच्यापासून अंडी वाचायची. पण पेट्यांमध्ये वाळूपेक्षा गारवा असायचा. कासवांचं लिंग टेंपरेचरवर ठरतं हे नुकतंच कळायला लागलं होतं, १९८० मध्ये म्रोसोव्हस्की आणि यन्टेमा या संशोधकांनी लिहिलं की अरे, अशानं तुम्ही नकळत जास्तीचे नर तयार करत असाल. लोक मनापासून वर्षानुवर्षं पिल्लं सोडत होते, पण ती कोण होती ते कुणालाच माहीत नव्हतं. आज उलट्या बाजूनं तीच चूक होऊ शकते, उष्णतेची भीती वाटून सगळी घरटी इतकी गार केली की फक्त नर निघाले, तर ते पण नुकसानच.

म्हणून आधी मोजा. घरट्याच्या खोलीवर छोटे डेटा लॉगर पुरून ठेवतात, ते तासातासाला टेंपरेचर लिहून ठेवतात. दोन-तीन सीझनचे आकडे हातात आले की कळतं कुठला महिना आणि किनाऱ्याचा कुठला भाग खरंच धोक्यात आहे. मग तेवढ्याच घरट्यांवर शेडनेट टाकायची, नाहीतर पाणी शिंपडायचं, नाहीतर किनाऱ्याच्याच गार भागात घरटं हलवायचं. आधी जीव वाचेल इतकं गार करायचं, नर-मादीचं प्रमाण आपल्या मनासारखं करायला जायचं नाही, कारण बरोबर प्रमाण किती हे आज कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

हलवायचं असेल तर घातल्यापासून काही तासांच्या आत, आणि तेही शिकलेल्या माणसांनीच. नंतर आतला भ्रूण कवचाला चिकटतो, मग अंडं फिरलं किंवा हिंदकळलं तर तो मरतो. आणि सगळी अंडी एकाच कुंपणात ठेवू नका, एका उधाणात सगळा सीझन जाऊ शकतो.

पण हॅचरीनं जे जमत नाही ते किनारा मोकळा ठेवल्यानं जमतं. वाळूच्या मागची झाडी राखली तर सावली फुकट मिळते, वाळू धरून राहते आणि समुद्र वाढला की सरकायला जागा उरते. गार असलेले, नर देणारे किनारे तर आधी शोधून जपायला हवेत, तिथं घरटी कमी असली तरी. आपल्याकडे संरक्षण बहुतेक गर्दीच्या किनाऱ्यांना मिळतं आणि थोडी घरटी असलेला किनारा बांधकामाला मोकळा होतो. माझ्या मते हे ताबडतोब बदलायला पाहिजे, कारण नर जर त्या थोड्या घरट्यांतूनच येत असतील तर गर्दीचा किनारा त्यांच्याच जिवावर चाललाय.

प्रश्न: मी समुद्रावर फिरायला जाते. घरटं दिसलं आणि ऊन फार असेल तर मी वर पाणी ओतू का? पिल्लं दिसली तर काय करू?

उत्तर: पाणी ओतू नका. किती ओतायचं, कधी ओतायचं हे टेंपरेचर न मोजता कळत नाही आणि जास्त झालं तर अंडी बुडतील. जागा लक्षात ठेवा, वन खात्याला किंवा तिथल्या कासव संरक्षण करणाऱ्या गटाला कळवा, आणि त्यावरून कुणी चालणार नाही, गाडी जाणार नाही एवढं बघा. खोदून बघायचा मोह तर अजिबात नको.

पिल्लं बहुतेक रात्री, वाळू गार झाली की बाहेर येतात आणि जिकडं क्षितिज उजळ तिकडं जातात, म्हणून टॉर्च, फ्लॅश, गाडीचे हेडलाइट सगळं बंद ठेवा. उचलून पाण्यात सोडू नका, सरपटत जाऊ द्या. मादी वर चढताना दिसली तर लांब, तिच्या मागच्या बाजूला थांबा, समोर गेलात तर ती अंडी न घालताच परत फिरेल.

आणि तुमच्या ओळखीत कुणी अशा गटात काम करत असेल तर त्यांना एक विनंती करा. पिल्लं निघून गेल्यावर घरटं उकरतात तेव्हा फक्त रिकामी कवचं मोजून थांबू नका. न फुटलेली अंडी किती, त्यातली अजिबात न वाढलेली किती, अर्धवट वाढून मेलेली किती आणि पूर्ण वाढून कवचातच मेलेली किती, हे वेगळं लिहा, सोबत घरट्याची तारीख, खोली, सावली आणि भरतीच्या रेषेपासूनचं अंतर. पूर्ण वाढून मेलेली एकदम वाढली तर उष्णतेचा संशय घ्यायला हवा. न वाढलेली वाढत चालली तर ती फलितच झाली नव्हती की सुरुवातीलाच मेली हे तपासून घ्यायला हवं, कारण नर कमी पडायला लागले तर त्याची पहिली खूण तिथंच दिसेल.